मुक्या पट्ट्यांची पेटी

बाईंचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या रागाचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे पेटी. नवरा नव्हे, पेटी. नवऱ्याला चार शब्द सुनावायचे झाले तरी त्या पेटीवरूनच सुनावायच्या. "अहो, ही तुमची मुडदी पेटी एकदाची दुरुस्त करून आणा," हे वाक्य तीस वर्षांत त्यांच्या तोंडून किती वेळा निघालं असेल देव जाणे, पण नाटक मंडळीतल्या लहानथोरांना ते पाठ होतं. त्यावरचं मास्तरांचं उत्तरही पाठ होतं. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. मंडळीची पेटी तेच वाजवायचे आणि गाण्यांच्या चालीही तेच बांधायचे. भात्यावरचा हात न काढता ते म्हणायचे, "नेऊ की. पुढच्या महिन्यात."

तो पुढचा महिना काही उजाडला नाही. मास्तरच गेले. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

मंडळी म्हणाल तर एवढीशी. मास्तरांचा धाकटा भाऊ नाटकं लिहायचा, बसवायचा आणि वेळ पडली तर दारात उभा राहून तिकिटंही फाडायचा. बाई मुख्य भूमिका करायच्या आणि गायच्या. चारपाच नटमंडळी, दोन पडदे, सहा दिवे. त्यातला एक दिवा मूड असेल तर लागायचा. कापडाच्या एका जुन्या गोदामात त्यांचे प्रयोग व्हायचे. मास्तरांच्या जागी आता लेक बसायची. लहानपणी पत्त्यांत अशी काही फसवाफसवी करायची की बापाने तिचं नावच ठकी ठेवलं, आणि ती पस्तिशीला आली तरी ते सुटलं नव्हतं.

आणि पेटी तीच. काळ्या लाकडाची, लहानशी, एकेरी सुरांची. तिच्या वरच्या सप्तकातल्या चार पट्ट्या मुक्या होत्या. दाबल्या की खाली जायच्या, सोडल्या की वर यायच्या, पण आवाज म्हणाल तर शून्य.

बाईंचं दुखणं काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मंडळीचं पहिलंच नाटक एका नावाड्याच्या बायकोचं. नवरा नदीपलीकडे गेलाय, परत आलेला नाही, आणि ती काठावर कंदील घेऊन बसलीय. तिच्या तोंडी गाणं होतं, "पलीकडे दिवा लागला, कुणी हाक मारा रे." चाल पायरी पायरीने चढायची. 'दिवा' या शब्दावर वरचा सा, आणि 'हाक' या शब्दावर एकदम पंचम, थेट आभाळात. पहिल्या प्रयोगाला बाईंनी तो पंचम असा लावला आणि असा धरला, की गोदामातली माणसं उठून उभी राहिली. असे सात प्रयोग झाले. मग बाईंना ताप आला. साधासुधा नाही, दीड महिना अंथरुणावर ठेवणारा. त्या उठल्या, तालमीला आल्या, आणि बघतात तर पेटीची नेमकी पंचमाची पट्टी बसलेली.

"काय करायचं आता?" बाई म्हणाल्या.

"त्याच्याशिवाय करू," मास्तर म्हणाले. "आणि हे बघ, तापाने गळा नाजूक झालाय. पेटी जेवढा सूर देईल तेवढाच घ्यायचा. पेटीशिवाय गळा उघडायचाच नाही."

तालमीत गाणं 'कुणी' पर्यंत चढलं आणि तिथेच अडलं. पुढे सूर नाही. भात्याचा नुसता श्वास ऐकू आला. बाईंचं डोकं असं फिरलं की त्यांनी शेजारचा कंदील तावातावाने उचलला आणि उभ्या राहिल्या. दीर खुर्चीतून ओरडले, "वहिनी, हेच! आता यात काडीचाही बदल करायचा नाही!" तेव्हापासून ते तसंच राहिलं. 'हाक' हा शब्द कधी गायला गेला नाही. त्या जागी बाई कंदील उचलायच्या, आणि गोदामात बसलेला प्रत्येक जण ती हाक आपल्या मनात मारायचा. लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा येऊ लागले.

पुढे वर्षं गेली तशा आणखी पट्ट्या गेल्या. बाराएक वर्षांनी मध्यम गेला, मग गंधार, आणि मास्तर आजारी होते तेव्हा रिषभ. दर खेपेला मास्तरांनी, आणि शेवटच्या खेपेला लेकीने, चाली उकलून नव्याने विणल्या. सूर वर जायला निघायचा, उंबऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. जिथे थांबायचा तिथे बाई हाताने काही तरी काम करायच्या. शर्टाची घडी घालायच्या, दोरी वळायच्या, रिकामं ताट पुसायच्या. दुसऱ्या कुठल्याच मंडळीत असं गाणं नव्हतं. मोठमोठ्या नाट्यगृहांतली वाद्यवृंदाची माणसं येऊन मागे उभी राहून ऐकायची आणि मास्तरांना विचारायची, हे सुचलं कसं? मास्तर म्हणायचे, "सुचतंय कसलं! पेटीच फुटकी आहे."

लोकांनी डोक्यावर घेतलं, सगळं खरं. पण बाईंच्या मनात काटा तो काटाच. माझा गळा वर जाणारा होता, या पेटीने मला आयुष्यभर खाली बांधून ठेवलं. हे त्या बोलायच्या, चारचौघांत बोलायच्या. मास्तर शेवटी उजव्या अंगाने लुळे होऊन पडले, वाचा गेली, तेव्हाही एकदा संतापाच्या भरात त्या बोलून गेल्या, "तुमच्या पेटीने माझा गळा खाल्ला." मास्तरांनी डाव्या हाताची चार बोटं हलवली, पट्ट्यांवर फिरवावीत तशी, आणि अर्ध्या तोंडाने हसले. आठ दिवसांनी ते गेले. बाईंना ते हसू विसरता येत नव्हतं, आणि तो काटाही निघत नव्हता. आता काय करायचं माणसाने!

वर्ष होत आलं, तसं दिरांनी ठरवलं की मास्तरांच्या आठवणीत तेच पहिलं नाटक पुन्हा करायचं. बाईंनी मनाशी गाठ बांधली. या प्रयोगाला 'हाक' गायची. पूर्ण, पंचमासकट. माझ्याकडे काय होतं ते एकदा, एकदाच, लोकांना ऐकवायचं. वयाची साठी उलटली, पुन्हा अशी संधी कुठून येणार?

त्यांनी ठकीला सांगितलं, "पेटी दुरुस्तीला टाक."

"कशाला गं आई? इतकी वर्षं चाललं ना?"

"चाललं नाही, मी चालवून घेतलं. टाक म्हणते ना."

ठकीने आज टाळलं, उद्या टाळलं, परवा म्हणाली कारागीर गावाला गेलाय. बाई काय दूधखुळ्या होत्या! ठकी शिकवणीला बाहेर पडल्याबरोबर त्यांनी पेटी चादरीत गुंडाळली, रिक्षात घातली आणि स्वतःच घेऊन गेल्या.

कारागिराचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. एक अरुंद खोली, भिंतीला टांगलेले भाते, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि सगळीकडे डिंकाचा आणि चामड्याचा वास. कारागीर म्हातारा होता. कपाळावर दोरीने भिंग बांधलेलं. त्याने पेटी समोर घेतली आणि तिच्याकडेच बघत विचारलं, "काय होतंय हिला?"

"वरच्या चार पट्ट्या मेल्यात," बाई म्हणाल्या. "मला एका आठवड्यात हवीय. निदान पंचम तरी बोलता करा."

कारागिराने झाकण काढलं, पट्ट्यांची फळी सोडवली, आतली फळी उलटी करून खिडकीकडे धरली.  मग म्हणाला, "वाजवायचं कोण?"

"माझे यजमान. वर्ष झालं त्यांना जाऊन."

"हात चांगला होता. पट्ट्या कशा एकसारख्या झिजल्यात बघा. मुक्या पट्ट्यासुद्धा झिजल्यात. म्हणजे या मुक्या आहेत हे माहीत असूनही ते त्या दाबत होते."

"हात चांगला होता ते मला ठाऊक आहे. तुम्ही पेटीचं बोला."

"पेटीला काही झालेलंच नाही, बाई."

बाई चिडल्या. "झालेलं नाही म्हणजे? मी काय बहिरी आहे?"

त्याने फळी त्यांच्यापुढे धरली. एका ओळीत पितळी रीड, म्हणजे सुराच्या पातळ जिभा, प्रत्येक दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली, खाली हवा जायचं भोक. आणि वरच्या अंगाला चार जागा रिकाम्या. तिथे रीड नव्हती. भोकांवर कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले.

"रीड तुटली असती तर मुळाशी पितळ राहिलं असतं," कारागीर म्हणाला. "इथे लाकडाला ओरखडासुद्धा नाही. कुणी तरी स्क्रू सोडवून या अलगद काढल्यात. वर डिंकाने कागद लावलाय, पट्टी दाबली की हवा फुसफुसू नये म्हणून. जीव लावून केलेलं काम आहे."

"चोरल्या कुणी?"

"चोर कागद चिकटवत बसत नाही हो."

मग त्याने भात्याच्या मागच्या कोपऱ्यात बोटं घातली आणि एक पत्र्याची डबी बाहेर काढली. बाईंनी ती लगेच ओळखली. खोकल्याच्या गोळ्यांची त्यांचीच डबी. तापातून उठल्यावर ती हरवली म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि मास्तरही त्यांच्याबरोबर कपाटाखाली वाकून वाकून शोधत होते.

डबीत चार पुड्या होत्या. नाटकाच्या जुन्या जाहिरातींचे कागद फाडून बांधलेल्या. प्रत्येक पुडीत एक पितळी रीड, तेल लावून ठेवलेली, आणि कागदावर मास्तरांचं बारीक अक्षर. बाईंनी चष्मा लावला.

पहिल्या पुडीवर तारीख होती तापानंतरच्या पहिल्या तालमीच्या आदल्या दिवशीची. खाली लिहिलं होतं, "पंचम. आज घरी गाताना दोनदा फाटला. तिला वाटलं कफ आहे."

दुसरीवर, "मध्यम. एकशे चाळिसावा प्रयोग. कसाबसा तरला. पुढच्या खेपेला पडेल, आणि लोकांसमोर पडेल."

तिसरीवर, "गंधार. पेटीला शिव्या देते आहे, देऊ दे. स्वतःला देण्यापेक्षा बरं."

चौथ्या पुडीवर अक्षर वेगळं होतं. मास्तर तेव्हा पडून होते, उजवा हात हलत नव्हता. ते अक्षर ठकीचं होतं. "रिषभ. बाबांनी खुणेने सांगितलं. मी काढला."

बाई स्टुलावर बसल्या. काही वेळ त्यांना दुकानही दिसेना आणि कारागीरही दिसेना. मग त्या म्हणाल्या, "पंचम बसवा."

"बाई..."

"बसवा म्हणते ना."

त्याने कागद सोलून काढला, रीड बसवली, स्क्रू आवळले, फळी जागच्या जागी घातली आणि भाता ओढून पट्टी दाबली. तीस वर्षं झोपलेला पंचम स्वच्छ, तीक्ष्ण वाजला. बाईंनी डोळे मिटले, खालून सूर धरला आणि 'हाक' म्हणायला तोंड उघडलं. आवाज वर गेला आणि मध्येच जुन्या कापडासारखा टरकन फाटला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर आवाज निघालाच नाही, नुसती हवा आली.

कारागिराने कपाळावरचं भिंग काढलं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "पेटी बरेच दिवस बंद होती ना. सूर अजून नीट बसला नसेल तिचा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसण्याचंच रडणं झालं. त्या अनोळखी दुकानात, भुशात पाय रुतवून, बाई हमसून हमसून रडल्या. मास्तर गेले तेव्हा असं रडू आलं नव्हतं. तेव्हा माणसं होती, विचारपूस होती, शिवाय मनात तो काटा होता. आता काटा निघाला आणि त्याच्या जागी जे उरलं ते सोसवेना. चारचौघांत किती बोललो आपण या माणसाला! पेटीच्या नावाने शिव्या दिल्या, त्या सगळ्या त्याने ऐकून घेतल्या, आणि वर म्हणायचा काय, तर पुढच्या महिन्यात नेऊ.

आणि खरं सांगू का? आपल्याला अगदीच कळलं नव्हतं, असंही नव्हतं. ते त्या स्टुलावर बसल्या बसल्या बाईंच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत घरात एकटं असताना, भांडी घासताना, एकदाही त्यांनी तो पंचम घेऊन बघितला नव्हता. का नाही बघितला? पेटीशिवाय गायचं नाही, हा मास्तरांचा नियम. दुसरा एकही नियम त्यांचा कधी पाळला नाही, मग हाच तेवढा इतका निमूट का पाळला? आत कुठे तरी भीती होतीच. पेटी मेली आहे म्हणणं सोपं होतं. तिच्यावर सगळं ढकलता येत होतं, आणि तिच्या मागे तो माणूस सगळं झेलायला उभा होता.

कारागिराने पाण्याचा पेला पुढे केला. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी नाक पुसलं.

"होती तशी करा," त्या म्हणाल्या. "पुड्या तशाच बांधा. डबी होती तिथेच ठेवा. माझी लेक आली विचारायला, तर सांगा, लाकूड पोखरलंय, तिथे रीड धरतच नाही. काम घेतलं नाही म्हणावं."

"खोटं बोलू?"

"मघाशी बोललात की. चांगलं जमतंय तुम्हाला."

बाई घरी पोचल्या तेव्हा ठकी दारातच उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. "आई, पेटी कुठे नेली होतीस?"

"स्मशानात! दुरुस्तीला नेली होती, आणखी कुठे?"

"मग? काय म्हणाला तो?"

तीस वर्षं बाई रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, नावाड्याची बायको झाल्या, राणी झाल्या, वेडी झाल्या. पण एवढी अवघड भूमिका त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. नेहमीचा तोच राग, तोच ठसका, आणि आत काय चाललंय त्याचा मागमूसही लागू द्यायचा नाही. "काय म्हणणार! उघडूनसुद्धा बघितली नाही मेल्याने. म्हणे, लाकडाला वाळवी लागलीय, रीड धरायची नाही. तुझ्या बापाने निवडलेली वस्तू, दुसरं काय होणार?"

ठकीने इतका मोठा श्वास सोडला की तो बाईंना चार हातांवरून ऐकू आला. "मी तेच सांगत होते ना तुला," ती म्हणाली आणि पेटी उचलून आत घेऊन गेली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून.

तिला सांगावं की नाही, यावर बाईंनी दोन दिवस विचार केला. सांगितलं असतं तर मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण मास्तरांनी हे इतकी वर्षं जपलं होतं, आणि जाताना, बोलता येत नसताना, खुणेने लेकीच्या हातात दिलं होतं. ते तिच्या हातून काढून घ्यायचा आपल्याला काय हक्क? शिव्या देण्याचं काम तेवढं आपल्याकडे होतं. ते आपण करत राहावं, असं बाईंनी ठरवलं.

प्रयोग रविवारी दुपारी होता. गोदाम भरलं. मास्तरांची जुनी माणसं आली, कोण काठी टेकत, कोण नातवाचा हात धरून. दिरांनी सुरुवातीला भाषण करायचं ठरवलं होतं, पण दोन वाक्यांनंतर त्यांनी कागदाची घडी घातली. "असो, नाटक बघा," म्हणून ते आत आले.

गाणं आलं. बाई नदीच्या काठावर बसल्या. काठ म्हणजे दोन फळ्या आणि एक दोर. ठकीने खालून सूर दिला. चाल चढायला लागली. 'दिवा' या शब्दावर वरचा सा लागला आणि बाईंनी पहिल्यांदाच स्वतःचा आवाज परक्याचा ऐकावा तसा ऐकला. सा कापत होता. अगदी बारीक, लोकांना कळणार नाही इतका, पण कापत होता. पुढे 'कुणी' आलं, आणि मग ती जागा आली. रिकामी.

बाईंनी कंदील उचलला. एरवी बाई तो नदीकडे धरायच्या, प्रेक्षकांकडे. त्या दिवशी कसा कुणास ठाऊक, हात पेटीकडे वळला. उजेड ठकीच्या हातांवर पडला. आणि बाईंनी बघितलं की ठकी पंचमाची मुकी पट्टी दाबून बसली होती. पूर्ण खालपर्यंत दाबलेली, हाकेला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ. बोट अजिबात हललं नाही. बापानेच शिकवलं असणार. म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक प्रयोगाला, या अंधाऱ्या कोपऱ्यात तो सूर वाजत होता, आपल्यासाठी दिला जात होता. आपण फक्त त्याच्याकडे पाठ करून उभ्या होतो.

गोदामात भात्याच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. बाई तशाच उभ्या राहिल्या, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तोंडावर हात धरून रडत होती. मग ठकीने पट्टी सोडली आणि बाईंनी पुढची ओळ घेतली.

नाटक संपल्यावर लोकांनी बाईंना घेरलं. कोण म्हणे आजच्यासारखं कधीच झालं नव्हतं, कोण म्हणे मास्तर असायला हवे होते. बाई सगळ्यांना हो म्हणत होत्या. ठकी कोपऱ्यात पेटी बंद करत होती. तो कापणारा सा तिने ऐकलाय, हे बाईंना कळत होतं.

गुरुवारी पुढच्या प्रयोगाची तालीम होती. बाई गोदामात आल्या तेव्हा ठकी आधीच पेटी मांडून बसली होती. बाईंनी चप्पल काढली, घसा खाकरला, कंदील जागेवर ठेवला.

"आई," ठकी पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "आणखी एक घोळ झालाय. वरचा सा पण बसला गं. सकाळपासून खटपट करतेय, बोलतच नाही."

तिने पट्टी दाबून दाखवली. पट्टी खाली गेली, वर आली. आवाज नाही. ठकीच्या अंगठ्याच्या नखाशी डिंक वाळून पिवळा झाला होता आणि तर्जनीवर स्क्रू फिरवताना लागतो तसा छोटा ओरखडा होता. डोळे सुजलेले होते. पोरगी जागली होती, रडली होती, आणि आता बापासारखाच साळसूद चेहरा करून बसली होती.

 उठून तिला जवळ घ्यावं, तो अंगठा हातात धरावा, असं फार वाटलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"मग दुरुस्त करून आण की!" त्या कडाडल्या, इतक्या जोरात की दीर आतून डोकावले. "बापावर गेलीस नुसती! या मुडद्या पेटीने माझा सगळा गळा खाल्ला, तरी तुम्हा लोकांना सोयरसुतक नाही."

ठकीने भात्यावरचा हात काढला नाही.

"नेते ना, आई," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात."

बाईंनी तोंड फिरवलं आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती, तरी बराच वेळ पुसत राहिल्या. आवाज ताळ्यावर आल्यावर म्हणाल्या, "बरं. मग 'दिवा' आता कसा करायचा, ते सांग."